सहा मात्रांची पावलं आणि बिल डील यांचा ऑर्गन

प्रश्न पुण्याहून आला आहे. विचारणारा पियानो शिकतो, जॅझ ऐकतो. जुन्या अमेरिकन गाण्यांच्या संग्रहात त्याला ‘बिल डील अँड द रॉन्डेल्स’ यांची तीन गाणी सापडली. त्याचं म्हणणं असं: “बिल डील यांना किनाऱ्यावरच्या संगीतातला मोठा ऑर्गनवादक म्हणतात. पण या गाण्यांत ऑर्गन नीट ऐकूसुद्धा येत नाही. पुढे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ब्रास, मागे ड्रम, मध्ये गाणं. लांब सोलो नाही, अवघड कॉर्ड नाहीत. मग त्यांचं मोठेपण नेमकं कशात आहे?”

प्रश्न रास्त आहे. मलाही पहिल्यांदा ही गाणी ऐकल्यावर असंच वाटलं होतं. उत्तर लांबेल, कारण आधी हे संगीत काय आहे आणि ते कशासाठी वाजवतात हे सांगितल्याशिवाय ऑर्गनबद्दल काही बोलता येणार नाही.

मी कुठून बोलते आहे तेही सांगते. माझं बालपण सावंतवाडीचं. वडील दशावताराला पायपेटी वाजवायचे. पेटी त्यांच्याकडेच शिकले, मग नाटकांना साथ केली, मुंबईत वाद्यवृंदांतून की-बोर्ड वाजवला. नवऱ्याची नोकरी जहाजबांधणीतली, त्यामुळे २००४ साली आम्ही अमेरिकेत, व्हर्जिनियात नॉरफोकला आलो. तेव्हापासून इथल्या आणि कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर नाचाच्या रात्रींना ऑर्गन वाजवते आहे. बिल डील १० डिसेंबर २००३ ला गेले. काही महिन्यांनी त्यांना ऐकायचं राहून गेलं, याची चुटपुट आजही आहे. म्हणून मी त्यांच्याबद्दल जे सांगते ते रेकॉर्डवरून, त्यांची गाणी वर्षानुवर्षं त्याच किनाऱ्यावर वाजवून, आणि ज्या नाचणाऱ्यांसाठी ते वाजवत होते त्यांच्या पायांकडे बघून समजलेलं आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. बीच म्युझिक म्हटलं की कॅलिफोर्निया आठवतो, सर्फिंग, मोटारी, गिटारी. गोव्यात राहिलेल्याला हणजूणची रात्रभर चालणारी ट्रान्स पार्टी आठवते. इथे या शब्दाचा अर्थ वेगळा. उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाचा किनारा आणि त्याला लागून व्हर्जिनियाचा किनारा, एवढ्या पट्ट्यात ज्याला बीच म्युझिक म्हणतात ते मुळात कृष्णवर्णीय कलाकारांचं ऱ्हिदम अँड ब्लूज आहे. त्याचा जन्म वाळूत झालेला नाही. ते शहरांतून आलं, चर्चमधून आलं. किनाऱ्याचं नाव त्याला लागलं ते ऐकणाऱ्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात दक्षिणेत वंशभेदाचे कायदे होते. गोऱ्या घरांतल्या मुलांना गावात ही गाणी सहज ऐकायला मिळत नसत. पण सुट्टीत समुद्रावर आलं की नाचघरांमधल्या ज्यूकबॉक्सात या तबकड्या असत. मुलं नाणं टाकत, नाचत, आणि परत गेल्यावर त्या गाण्यांना ‘बीचवरची गाणी’ म्हणत. एवढंच त्या नावामागे आहे.

या आनंदाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मर्टल बीचमध्ये कार्व्हर स्ट्रीटवर चार्ली फिट्झजेराल्ड या कृष्णवर्णीय गृहस्थांचा क्लब होता, ‘चार्लीज प्लेस’. तिथे गोरी मुलंही नाचायला येत. २६ ऑगस्ट १९५० च्या रात्री कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेच्या लोकांनी तिथे येऊन गोळीबार केला, फिट्झजेराल्ड यांना उचलून नेलं आणि मारहाण केली. आज शॅग नावाचा जो नाच दक्षिण कॅरोलायनाचा अधिकृत राज्यनृत्य आहे (१९८४ पासून), आणि जे संगीत तिथलं अधिकृत लोकप्रिय संगीत आहे (२००१ पासून), त्याच्या पायाशी ही रात्र आहे. या संगीताबद्दल प्रेमाने बोलायचं तर हेही बोलावं लागतं.

आता बिल डील यांच्याकडे येते. नॉरफोक, पोर्ट्समथ आणि व्हर्जिनिया बीच ही जवळजवळची गावं. नॉरफोक आणि पोर्ट्समथच्या मध्ये एलिझाबेथ नदी. आरमार, गोदी, खलाशी, आणि त्यामुळे रात्री चालणारे असंख्य क्लब. या भागाने १९६०-६१ मध्ये गॅरी यू. एस. बाँड्स यांच्या रेकॉर्डांतून देशभर नाव कमावलं होतं. ‘क्वार्टर टू थ्री’ १९६१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं ते नॉरफोकमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं. पुढे ‘चेअरमेन ऑफ द बोर्ड’चे गायक म्हणून बीच म्युझिकमध्ये ज्यांना अढळ स्थान मिळालं ते जनरल जॉन्सनही नॉरफोकचेच. अशा शेजारात, पोर्ट्समथला, १९५९ साली बिल डील आणि ड्रम वाजवणारे अॅमन थार्प या दोघांनी बँड सुरू केला. दोघेही वयाने लहान, आणि दोघेही गाणारे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बँडचा पाया ऑर्गन आणि ड्रम असा होता. आपल्या भाषेत पेटी आणि तबला. गिटार, बास आणि ब्रासची मंडळी जोडली गेली, पण केंद्रात लय धरणारी ही जोडी होती. आणि त्यांची राष्ट्रीय यादीत पोचलेली गाणी आली १९६९ मध्ये. म्हणजे दहा वर्षं. पेपरमिंट बीच क्लबसारख्या व्हर्जिनिया बीचच्या जागांमध्ये, शाळा-कॉलेजांच्या कार्यक्रमांत, माणसं नाचतात की बसून राहतात हे रोज डोळ्यांसमोर दिसत असताना घालवलेली दहा वर्षं. तुम्ही ऐकलेल्या दोन-अडीच मिनिटांच्या गाण्यांत ती सगळी वर्षं आहेत. रेकॉर्डिंगसाठी म्हणून जमवलेला बँड आणि नाचवून नाचवून तयार झालेला बँड यांच्या लयीत फरक असतो, आणि मला तो पहिल्या आठ मात्रांतच जाणवतो.

आता नाच. हा भाग जरा मन लावून वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

या नाचाचं नाव शॅग. जोडीने नाचायचा, एका रेषेत पुढे-मागे. कमरेच्या वर शरीर जवळजवळ स्थिर, खांदे सैल, आणि सगळं काम पायांचं. पाऊल उचलायचं कमी, घसरायचं जास्त. म्हणून चामड्याच्या तळाचे लोफर घालतात. साधारण मिनिटाला ११० ते १३० ठोके ही त्याची आवडती लय. मूळ पाऊल असं मोजतात: एक-नि-दोन, तीन-नि-चार, पाच, सहा. सहा मात्रांत आठ पावलं.

पण गाणं मात्र चार मात्रांचं असतं. सहा मात्रांचं आवर्तन चार मात्रांच्या ठेक्यावर चाललेलं असतं. पहिली फेरी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सुरू झाली तर दुसरी पुढच्या घराच्या (चार मात्रांचं एक घर) तिसऱ्या मात्रेवर सुरू होते, आणि तिसरी पुन्हा समेवर. बारा मात्रांनी एकदा गाठ पडते. आता कल्पना करा, हॉलमध्ये चाळीस जोड्या आहेत आणि प्रत्येकीने आपापल्या सोयीने सुरुवात केली आहे. कोणत्याही क्षणी निम्म्या जोड्यांची सम पहिल्या मात्रेवर असेल, निम्म्यांची तिसऱ्या मात्रेवर. वादकाने आपली सम ठासून दाखवली, तर तो निम्म्या हॉलला अडखळवतो. म्हणून पहिली आणि तिसरी मात्रा सारख्याच वजनाच्या हव्यात, आणि वजन द्यायचं ते दुसऱ्या-चौथीवर, जिथे ड्रमची काठी पडते, कारण ती दोन्ही गटांना सारखीच उपयोगी पडते.

आपल्या शिकवणीच्या हे नेमकं उलट आहे. आपण समेवर येण्यासाठीच जगतो. तिहाई घेऊन समेवर आलं की मान हलते. मला ही सवय सोडायला दोन वर्षं लागली. पियानोवर जॅझ शिकणाऱ्यालाही ते सहज जमत नाही, कारण तोही घराच्या सुरुवातीला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलल्याची वर्दी देत असतो.

आता या कामाला ऑर्गन का? पियानोचा स्वर पट्टी दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. ऑर्गनचा स्वर बोट असेपर्यंत तसाच उभा राहतो. त्यामुळे ऑर्गनवर लयीच्या दोन जागा मिळतात, एक पट्टी दाबण्याची आणि एक सोडण्याची. नाचाच्या संगीतात दुसरी जागा पहिलीइतकीच महत्त्वाची असते. कॉर्ड दुसऱ्या मात्रेच्या आधी सुटला, की त्या सुटण्यामुळे ड्रमचा ठोका मोकळ्या हवेत पडतो आणि दुप्पट मोठा वाटतो. ऑर्गन ऐकू येत नाही, पण तो थांबल्यामुळे ड्रम ऐकू येतो. पेटी वाजवणाऱ्याला हे लवकर समजतं, कारण पेटीचाही स्वर धरून ठेवता येतो आणि सोडणं हा हुनर आहे. गोविंदराव पटवर्धनांची साथ ऐकताना माझं लक्ष नेहमी ते कुठे थांबतात इकडे असतं.

यंत्राबद्दलही थोडं सांगते, कारण पुण्यात तुम्ही बहुधा की-बोर्डमध्ये भरलेला ऑर्गनचा आवाजच वाजवत असाल. लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. चर्चला पाईपचा महागडा ऑर्गन परवडत नसे, त्यांच्यासाठी. त्यातलं बी-३ हे रूप पुढे जॅझ आणि सोल संगीताचं वाद्य झालं. आत दातेरी धातूच्या चकत्या फिरतात, ९१ चकत्या, आणि त्यांच्या फिरण्यातून स्वर तयार होतो. त्या फिरवणारी मोटर विजेच्या वारंवारितेला बांधलेली असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, भारतात ५० ची. इथला बी-३ काही बदल न करता भारतात लावला तर सगळे स्वर जवळजवळ कोमल गंधाराइतक्या अंतराने खाली जातात. पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, दाबली तर खालच्या सप्तकातल्या पांढरी सहाच्या आसपासचा स्वर येतो. मला हे कळलं तेव्हा खूप वेळ हसू येत राहिलं होतं, आपल्याकडे गायकासाठी पट्टी बदलतात आणि इथे वीज मंडळ बदलून देतं.

त्या ऑर्गनला ड्रॉबार असतात, एका संचात नऊ. प्रत्येक बाहेर ओढला की एकेक उपस्वर वाढत जातो. पहिले तीन पूर्ण बाहेर आणि बाकीचे आत, हा जॅझवाल्यांचा आवडता आवाज. नाचाच्या बँडमध्ये, जिथे दोन-तीन माणसं ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवत असतात, तिथे मधले ड्रॉबार बाहेर काढले की सॅक्सोफोनशी भांडण सुरू होतं, दोघंही एकाच जागेवर बसतात आणि गढूळ ऐकू येतं. म्हणून ब्रास वाजत असताना ऑर्गनने खाली आणि गोल राहायचं, आणि ब्रास थांबला की थोडं उघडायचं. हे हाताने, गाणं चालू असताना, गात असताना करायचं. आवाज लहान-मोठा करायला उजव्या पायाखाली पेडल असतं. पेटीत भाता डाव्या हाताने सांभाळतो, इथे तो पायात आला आहे असं समजा.

आणि लेस्लीचा स्पीकर. लाकडी कपाटात वर एक भोंगा आणि खाली एक ढोल फिरतो. सावकाश ठेवला तर भोंगा मिनिटाला पन्नासच्या आतबाहेर फेऱ्या घेतो, वेगात चारशेच्या. पण बटण दाबल्याबरोबर तो वेग येत नाही. भोंग्याला एखादा सेकंद लागतो, खालच्या जड ढोलाला पाच-सहा सेकंद. म्हणून धृपदावर आवाज लखलखायला हवा असेल तर बटण त्याच्या आधी दाबायचं. मिनिटाला १२० च्या लयीत एक घर दोन सेकंदांचं होतं. म्हणजे ढोलासाठी जवळजवळ तीन घरं आधी. जुन्या वादकांच्या हातात हे इतकं मुरलेलं असतं की ते मोजत नाहीत. ऐकणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की धृपद आलं आणि हॉल जरा वर उचलला गेला.

या ऑर्गनची परंपरा अर्थातच बिल डील यांच्यापासून सुरू झालेली नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हॅमंड आधीपासून होता. बिल डॉगेट यांचं ‘हाँकी टाँक’ १९५६ चं, बुकर टी. जोन्स यांचं ‘ग्रीन अनियन्स’ १९६२ चं, आणि ही दोन्ही गाणी आजही शॅगच्या रात्री लावली की लोक खुर्ची सोडून उठतात. दोन्हींत गाणारं कोणी नाही, आणि ‘ग्रीन अनियन्स’मध्ये तर ऑर्गनला बोलायला भरपूर मोकळीक आहे. बिल डील यांचं काम त्याहून निराळं. त्यांच्या बँडमध्ये गाणं होतं, ब्रास होता, आणि गाणारा अनेकदा स्वतः ऑर्गनवर बसलेला.

आपल्याकडे स्वतः पेटी वाजवत गाणारे भजनी बुवा आठवा. गळा चालू असला की उजवा हात आपोआप साधा होतो. बुवा ओळ सोडतात, टाळकरी ती उचलतात, तेवढ्यात पेटीवर एखादी जागा येते आणि लगेच पुढची ओळ. रॉन्डेल्सची बांधणी याच्या खूप जवळ आहे. गायक ओळ म्हणतो, ब्रास तिला छोट्या वाक्यात उत्तर देतो, आणि ट्रम्पेटवाले श्वास घ्यायला थांबतात तेव्हा खाली ऑर्गन कॉर्ड धरून असतो. फुंकून वाजवणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, ऑर्गनला लागत नाही. ब्रासचे तुकडे एकमेकांना जोडलेले वाटतात ते या धरून ठेवण्यामुळे. तुम्हाला ऑर्गन ऐकू आला नाही हे मी चूक मानत नाही. तो ब्रासच्या आवाजाचा भाग म्हणून तुमच्या कानात गेला.

तीन गाण्यांकडे येऊ. १९६९ मध्ये हेरिटेज या लेबलवर ‘मे आय’ आलं आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत ३९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. मग ‘आय’व्ह बीन हर्ट’ ३५ वर, आणि ‘व्हॉट काइंड ऑफ फूल डू यू थिंक आय अॅम’ २३ वर. तिन्ही गाणी आधीची आहेत. ‘मे आय’ मॉरिस विल्यम्स अँड द झोडियॅक्सचं. हे दक्षिण कॅरोलायनातल्या लँकेस्टरचे, ‘स्टे’ गाण्याने १९६० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले. उरलेली दोन अटलांटाच्या ‘द टॅम्स’ या गटाने गायलेली, रे व्हिटली यांनी लिहिलेली.

म्हणजे तिन्ही गाणी कृष्णवर्णीय गटांनी आधी गायली आणि गोऱ्या मुलांच्या बँडने नंतर. हे टाळून कौतुक करता येणार नाही. टॅम्सचं ‘व्हॉट काइंड ऑफ फूल’ १९६४ मध्ये नवव्या क्रमांकावर गेलं होतं, म्हणजे रॉन्डेल्सपेक्षा बरंच वर, तेव्हा मूळ गाणं झाकलं गेलं असं या गाण्याबाबत म्हणता येत नाही. पण मूळ गायकांना ज्या हॉलमध्ये सहज प्रवेश नव्हता तिथे त्यांची गाणी दुसऱ्यांनी वाजवली, हा या संपूर्ण किनाऱ्याचा इतिहास आहे. माझं मत असं की बिल डील यांच्या कामाचा मान राखायचा तर मूळ रेकॉर्ड आधी ऐकावी. त्यानंतर त्यांनी काय बदललं ते दिसतं, आणि जे दिसतं ते खरोखर त्यांचं आहे.

काय बदललं? लय वाढवली. मूळ गाण्यांत गाण्याचा तोल गायकाच्या गळ्यावर आहे, शब्द रेंगाळतात. रॉन्डेल्सने त्यात उसळी आणली, ठेका जवळजवळ टप्पा खात चालतो, आणि ब्रासची वाक्यं त्या उसळीवर बसवली. लय वाढली की धोका वाढतो. शॅगचे पाय घसरणारे असतात, उड्या मारणारे नाहीत. गाणं उसळलं तर पाय जमिनीवरून सुटायची भीती. त्याला जमिनीला बांधून ठेवणारं काहीतरी खाली हवं, सलग, न उसळणारं. ते काम ऑर्गनचं. वर ब्रास आणि ड्रम उड्या मारतात आणि खाली तो सपाट वाहतो, म्हणून नाचणाऱ्याला दोन्ही मिळतं, उत्साहही आणि पाय घसरवायला जमीनही. हे डोक्यात आणणं, त्याला ब्रासची बैठक देणं, आणि वर गाणं म्हणणं, या तीन गोष्टी एका माणसाने एकाच वेळी केल्या. प्रतिभा म्हणून मी ज्याकडे बोट दाखवेन ते हे.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एका बँडचा ऑर्गनवादक आजारी पडला आणि मला बदली म्हणून बोलावलं. मी मुंबईच्या वाद्यवृंदातली, एकही जागा रिकामी सोडायची नाही ही शिस्त अंगात. गायकाची ओळ संपली की पीस, ब्रास थांबला की पीस, पेटीवरच्या सगळ्या हरकती ऑर्गनवर. हात उत्तम चालला होता. चौथ्या गाण्याला मान वर केली तर नाचाची जागा निम्मी रिकामी झाली होती. माणसं रागावलेली नव्हती, फक्त जाऊन बसली होती. ड्रम वाजवणारे गृहस्थ साठीचे. दोन गाण्यांच्या मध्ये माझ्याकडे वाकून त्यांनी सांगितलं, “तुझा उजवा हात सुंदर आहे. पुढचं गाणं तो मांडीवर ठेव.” पुढचं गाणं ‘मे आय’ होतं. डाव्या हाताने तीन स्वर धरले, त्यांच्या काठीच्या आधी सोडले, परत धरले. दुसरं काही केलं नाही. हात मोकळा होता म्हणून नजरही मोकळी झाली आणि मी पहिल्यांदा खाली बघितलं, पायांकडे.

तेव्हा मला वडील आठवले. दशावतारात रात्री दोन-तीनच्या सुमाराला राक्षस आणि देव यांचं युद्ध सुरू झालं की ते पेटीच्या पट्ट्यांकडे बघत नसत. मला मांडीशी बसवून म्हणायचे, “पात्राच्या पायांकडे बघ गो, पेटी आपोआप वाजता.” पाऊल कधी पडणार हे गुडघ्यावरून आधी कळतं, आणि मृदुंगवाला आणि पेटीवाला दोघंही त्या गुडघ्यावर असतात. तीस वर्षांनी, दुसऱ्या समुद्रावर, तेच. गाणं संपेपर्यंत हॉल भरला होता.

आमच्या बँडमध्ये आजही लय ठरवताना आकडा सांगत नाहीत. “‘मे आय’च्या जरा मागे” किंवा “‘मे आय’सारखं” असं म्हणतात आणि सगळे समजतात. रागाच्या चलनासाठी आपण एखाद्या बंदिशीचं नाव घेतो, तसं.

तुम्ही हे स्वतः तपासून पाहावं असं मला वाटतं, म्हणून काही गोष्टी करायला सांगते. की-बोर्डवर ऑर्गनचा आवाज लावा, पहिले तीन ड्रॉबार बाहेर, बाकी आत, लेस्ली सावकाश. मेट्रोनोम ६० वर, आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो असं धरा, म्हणजे लय १२० ची होते. डाव्या हाताने एकच कॉर्ड, तीनच स्वर. ठोक्याच्या आधी सोडा, ठोक्यानंतर धरा. दहा मिनिटं एवढंच. सुरुवातीला कंटाळा येईल. सहाव्या-सातव्या मिनिटाला तुमच्या लक्षात येईल की सोडण्याची वेळ केसभर पुढे-मागे झाली तर ठोकाच मागे-पुढे झाल्यासारखा वाटतो. तिथे थांबू नका, तोच फरक हातात येईपर्यंत वाजवा.

मग सहा मात्रा तोंडाने मोजा, एक-नि-दोन, तीन-नि-चार, पाच, सहा, आणि हात मात्र चारच्या हिशेबात ठेवा. जॅझमध्ये तुम्ही याहून अवघड लयकारी केली असेल, पण तिथे ती तुम्ही स्वतःसाठी करता. इथे तोंड नाचणाऱ्याचं आहे आणि हात तुमचा. घरात बहीण किंवा मित्र असेल तर त्याला चपला काढून फरशीवर ही पावलं घसरत टाकायला सांगा आणि त्याच्या गुडघ्यांकडे बघत वाजवा. त्याची दुसरी फेरी तुमच्या तिसऱ्या मात्रेवर सुरू होईल तेव्हा हात समेकडे ओढला जाईल. ओढू देऊ नका.

उजवा हात पंधरा दिवसांनी घ्या. घेतलात तरी जिथे गायक थांबला आहे आणि ब्रासही थांबला आहे, अशाच जागी. त्या जागा मोजल्या तर एका गाण्यात तीन-चारच निघतात.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा. आधी मॉरिस विल्यम्सचं ‘मे आय’, दोनदा. मग बुकर टी. यांचं ‘ग्रीन अनियन्स’, म्हणजे ऑर्गनचा आवाज कानात बसेल. मग रॉन्डेल्सचं ‘मे आय’, हेडफोन लावून, ब्रासकडे दुर्लक्ष करत. ट्रम्पेटचं वाक्य संपतं आणि पुढचं सुरू व्हायचं असतं, त्या अर्ध्या सेकंदात खाली काय उरतं ते ऐका.